वेब पानातला डेटा : जागेवरून नको, नावावरून निवडा

वेब पानावरून संशोधनासाठी डेटा गोळा करताना आपण सहसा 'टेबलमधली तिसरी ओळ घे' असा कोड लिहितो. मीही तसाच लिहिला होता. हवामानाच्या एका संकेतस्थळावर तिसऱ्या ओळीत आर्द्रता होती. एक दिवस त्यांनी तिथे पावसाची ओळ घातली आणि आर्द्रता चौथी झाली. माझ्या फाइलमध्ये मात्र आर्द्रता म्हणून पावसाचे मिलिमीटर जमा होत राहिले. एरर एकही नाही. 78 टक्के काय आणि 78 मिलिमीटर काय, कोडला दोन्ही सारखेच! आलेख काढला तेव्हा कळलं. तोवर दोन आठवड्यांचा डेटा गेला.

उपाय सोपा वाटतो : 'आर्द्रता' हे लेबल शोधायचं आणि शेजारचा रकाना घ्यायचा. पण सीएसएसमध्ये मजकुरावरून घटक निवडायची सोयच नाही. सीएसएस 3 च्या जुन्या मसुद्यात 'कंटेन्स' नावाचा सिलेक्टर होता, तो पुढे वगळला गेला. जेक्वेरीने मात्र तो दिला, आणि एक्सपाथमध्ये त्याच नावाचं फंक्शन आहे.

तो वापरताना दोन ठिकाणी फसायला होतं. एक, तो मजकुराचा तुकडा जुळवतो. 'तापमान' शोधलंत तर 'कमाल तापमान' आणि 'किमान तापमान' दोन्ही हाती येतात. दुसरं, जेक्वेरीचा 'कंटेन्स' आतल्या घटकांचाही मजकूर धरतो. त्यामुळे लेबलाच्या रकान्यासोबत त्याची ओळ, टेबल आणि अख्खं बॉडीसुद्धा 'जुळतं'.

म्हणून स्वतःचा सिलेक्टर लिहा. जेक्वेरीत नवा स्यूडो-सिलेक्टर जोडता येतो, प्लेराइटमध्ये स्वतःचं सिलेक्टर इंजिन नोंदवता येतं. त्यात तीन गोष्टी करायच्या : फक्त लेबलाचे रकाने तपासायचे, मजकुरातल्या जादा स्पेस काढायच्या (नॉन-ब्रेकिंग स्पेससुद्धा), आणि पूर्ण मजकूर तंतोतंत जुळला तरच 'हो' म्हणायचं.

मराठी पानांवर आणखी एक भानगड असते. 'वाऱ्याचा वेग' मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो : नुक्तावाला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर असे जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखे, कोडला वेगळे. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशनही ही दोन रूपं एक करत नाही. तुलना करण्याआधी एक रूप दुसऱ्यात तुम्हालाच बदलावं लागतं.

शेवटचं, पण विसरू नका : लेबल एकही सापडलं नाही किंवा एकाहून जास्त सापडली, तर कोड तिथेच थांबला पाहिजे. आणि रोजचं मूळ एचटीएमएल जपून ठेवा. मी ते ठेवलं असतं, तर ते दोन आठवडे परत काढता आले असते.