आधी शून्य का? : टेलिफोन क्रमांकांच्या रचनेविषयी

15 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे लँडलाइनवरून मोबाईलला फोन लावायचा तर आधी शून्य दाबावं लागतं. मोबाईलवरून मोबाईलला मात्र लागत नाही. असं का, इथून आज सुरुवात करू.

मोबाईलवर आपण दहा आकडे टाकतो, चुकलं तर खोडतो, आणि मग हिरवं बटण दाबतो. अख्खा क्रमांक एकदम जातो. लँडलाइनला असं बटणच नाही. एकेक आकडा दाबला की तो लगेच एक्सचेंजकडे पोचतो आणि क्रमांक कुठे संपला, हे एक्सचेंजनंच ओळखायचं असतं. म्हणून या रचनेचा मूळ नियम असा, की कुठलाही पूर्ण क्रमांक दुसऱ्या क्रमांकाची सुरुवात असता कामा नये. 112 ही आणीबाणीची सेवा ठेवली, की 112 नं सुरू होणारा फोन कुणाला देता येत नाही. मुंबईत लँडलाइनचे क्रमांक आठ आकडी, म्हणजे या तीन आकड्यांपायी एक लाख क्रमांक सोडले!

आता मुंबईतच 6 नं सुरू होणारे लँडलाइन क्रमांक आहेत आणि 6 नं सुरू होणारे मोबाईलही आहेत. आठ आकडे आल्यावर एक्सचेंजनं फोन जोडायचा, की आणखी दोनांची वाट बघायची? आधी शून्य आलं की हा गोंधळच मिटतो. त्यातून सुमारे 254 कोटी क्रमांक मोकळे होतील, असा हिशेब त्या वेळी मांडला गेला होता.

शून्य सोडून एसटीडी कोड आणि स्थानिक क्रमांक यांची बेरीज दहा आकडेच भरते. मुंबईचा कोड 22, पुढे आठ आकडे. कोल्हापूरचा 231, पुढे सात. साताऱ्याचा 2162, पुढे सहा. शहर मोठं तितका कोड आखूड, कारण पुढे जागा जास्त लागते. नागपूरचा कोड 712 आणि तिथले बरेच लँडलाइन 2 नं सुरू होतात. मग 7122 नं सुरू होणारा मोबाईल क्रमांक वाटताच येत नाही. ती जागा नागपूरकरांनी आधीच अडवलेली आहे.

इथपर्यंत ठीक. खरी काळजी ऑफिसातल्या आणि हॉटेलातल्या ईपीएबीएक्सची. तिथे आतल्या आत एक छोटं एक्सचेंजच असतं आणि त्याची रचना सरकार नाही, तर यंत्र बसवायला आलेला माणूस ठरवतो. बाहेरची लाइन घ्यायला बऱ्याच ठिकाणी शून्य दाबतात. (तिथून मोबाईल लावायचा तर आता दोन शून्यं!) हॉटेलात पहिल्या मजल्यावरच्या खोल्या 101, 102 अशा असतात आणि सोय म्हणून एक्स्टेन्शनही तेच देतात. आग लागली, कुणी घाबरून 101 फिरवला, तर अग्निशमन दलाऐवजी शेजारच्या खोलीत घंटी वाजेल.

अशीच एक गोष्ट अमेरिकेत प्रत्यक्ष घडली. डिसेंबर 2013 मध्ये टेक्सासमधल्या मार्शल गावातल्या मोटेलात एका बाईवर हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीनं चार वेळा 911 फिरवला, फोन लागला नाही. बाहेरची लाइन घ्यायला आधी 9 दाबावा लागत होता. मुलीला शिकवलं होतं ते तिनं बरोबर केलं, तरी आई वाचली नाही. पुढे त्या आईच्या नावानं 2018 मध्ये कायदा झाला आणि फेब्रुवारी 2020 नंतरच्या नव्या यंत्रणांना थेट 911 लागणं सक्तीचं झालं.

उपाय म्हटला तर अर्ध्या तासाचा. आतले क्रमांक 1 नं सुरू करायचेच नाहीत. खोली 101 असली तरी एक्स्टेन्शन 2101 द्यायचं. मग 1 आला की पुढचे आकडे आणीबाणीचेच, हे यंत्राला कळतं आणि 112 शून्याशिवाय बाहेर जाऊ शकतो. तशी सोय करून ठेवली आहे का, हे मात्र आपल्या ऑफिसात ईपीएबीएक्स सांभाळणाऱ्याला विचारावं; 112 फिरवून बघू नये, तिकडे खरोखरच फोन उचलतात.