मुलांच्या रक्तातलं शिसं : तपासणी कशी, कोणाची?

वर्गात एखादं मूल चिडचिड करतं, वाचनात मागे पडतं, आणि आपण ‘लक्षच देत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. कारणं अनेक असतात. पण रक्तातलं शिसं हे कारण सहसा कोणाला सुचत नाही.

आपल्या मुंबईला हा विषय नवा नाही. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचं रक्त शिशासाठी तपासलं होतं. मुंबईतल्या जवळपास निम्म्या मुलांत १०० मिलिलिटर रक्तामागे १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं निघालं. तेव्हा धोक्याची रेघ १० होती. पुढे २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं आणि हवेतलं मोठं कारण गेलं. पण रेघही खाली आली : आज जागतिक आरोग्य संघटना ५ वरच ‘शिसं कुठून येतंय ते शोधा’ म्हणते. सुरक्षित अशी पातळी नाहीच.

मग आता कुठून येतं? घाटकोपर-अंधेरीच्या जुन्या चाळींतल्या रंगाचे पोपडे, जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम, भेसळीची हळद, काही सुरमे, कल्हईच्या कथलात शिसं मिसळलेलं असेल तर ती भांडी. बाबा बॅटरीच्या कामाला असतील तर कपड्यांवरून धूळ घरी येते. अशा घरातल्या मुलाबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.

नेहमीच्या सीबीसीत शिसं दिसत नाही, ‘ब्लड लेड’ असं नाव घेऊनच तपासणी मागावी लागते. उपाशी राहायची गरज नाही. बोटातून रक्त घेणार असतील तर आधी हात साबणाने धुवा. बोटावरच्या धुळीतलं शिसं थेंबात मिसळलं तर आकडा उगाच फुगतो. म्हणून बोटाचा आकडा जास्त आला, तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात.

रिपोर्टला मर्यादाही आहे. रक्तातलं शिसं महिन्याभरात साधारण निम्म्यावर येतं, पण हाडांत ते वर्षानुवर्षं साठून राहतं. त्यामुळे आजचा कमी आकडा दोन वर्षांपूर्वीचं काही सांगत नाही.

आणि आकडा जास्त आला तर? शिसं बाहेर काढणारं औषध सहसा ४५ च्या पुढे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ‘रक्तशुद्धी’च्या पुड्यांच्या नादी लागू नका, त्यातल्या काहींत शिसंच सापडलेलं आहे. आधी घरातलं मूळ बंद करायचं. मुलाचं लोहही तपासून घ्या, कारण लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषतं. मग डॉक्टर सांगतील त्या तारखेला पुन्हा तपासणी.