थेंबभर रक्त आणि गावाचा विश्वास

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास १ जुलै २०२३ रोजी प्रारंभ झाला. योगायोग असा की, १९९८ साली याच तारखेस वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. महाराष्ट्रासह १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी करण्याचे अभियानाचे उद्दिष्ट आहे. मालेगाव, मानोरा या तालुक्यांतील आदिवासी वस्त्यांच्या दृष्टीने हा विषय विशेष जिव्हाळ्याचा होय.

विदर्भास हा आजार नवा नाही. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला होता. तथापि रक्त देण्याच्या वेळी लोक आजही कचरतात, आणि त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. मुलगी ‘वाहक’ निघाली तर तिचे लग्न कसे जुळणार, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे येथे स्पष्ट करावे लागते. पती व पत्नी दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक व दुसरा निर्दोष असल्यास अपत्याला हा आजार होत नाही. हा दोष कोणत्याही जातीचा कलंकही नव्हे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचे थैमान होते तेथे तो टिकला, कारण वाहकास घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस येथेही तो आढळतो. विज्ञानाच्या तासाला शिक्षकांनी एवढे सांगितले तरी घरोघरची बरीच कुजबुज थांबेल.

उपचारार्थ तपासणी आणि संशोधन यांत मात्र भेद केला पाहिजे. अमेरिकेतील हवासुपाई आदिवासींनी १९९० नंतर मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. ते त्यांच्या नकळत मनोविकार व वंशाचे मूळ यांच्या संशोधनासाठी वापरले गेले. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले व नमुने परत केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्रामप्रमुखांनी अनुमती दिली तरी प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र संमती आवश्यक असते. पंचायत सदस्यांनी हे विसरू नये. पथकास ग्रामसभेत बोलवावे. नमुना कोठे जाणार, किती काळ ठेवणार, दुसऱ्या कामी वापरणार काय, हे सर्वांसमक्ष विचारावे. अहवाल मात्र ज्याचा त्यालाच मिळावा. वाहकांची यादी एकदा चावडीवर लागली, की पुढील तपासणीस त्या गावातील मुली येणार नाहीत.