कानावरचा इसब आणि सोरायसिस : झाशीच्या ऋतुमानातील निगा

कानाच्या त्वचेचे दुखणे दोन शास्त्रांच्या शिवेवर उभे असते. पाळीमागची चीर घेऊन रुग्ण त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो, कानाच्या आतील खाज घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जातो, आणि दोन्ही तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा एकच विकार असतो. १९६८ मध्ये सुरू झालेल्या झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी हे दोन्ही विभाग एकाच आवारात मिळतात, ही बुंदेलखंडातील रुग्णांच्या दृष्टीने मोलाची सोय आहे.

कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची नलिका प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते. तिच्या आतील भागात त्वचा अतिशय पातळ असून थेट हाडाला चिकटलेली असते, आणि ती पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असल्यामुळे मृत पेशी व मळ आपोआप बाहेर येतात. निरोगी कान स्वतःची सफाई स्वतःच करतो तो असा. सोरायसिसमध्ये रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे एरवी महिनाभरात नव्या होणाऱ्या त्वचापेशी काही दिवसांतच तयार होऊन थरावर थर साचतात. इसबात त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होऊन दाह, खाज आणि ओल येते. दोन्ही विकारांत ही सफाईची व्यवस्था विस्कळीत होते, आणि खपल्यांनी नलिका बुजली तर काही काळ ऐकूही कमी येते.

हे विकार दिसायला सारखे असले तरी त्यांच्या खुणा निराळ्या आहेत. जाड, रुपेरी खपल्या, स्पष्ट कडा असलेला लाल चट्टा आणि डोक्यात केसांच्या रेषेवर तसेच चट्टे आढळले, तर सोरायसिसचा संशय घ्यावा. पिवळसर, तेलकट कोंडा भुवया आणि नाकाच्या कडांवरही असेल, तर तो त्वचेवर नेहमीच राहणाऱ्या एका बुरशीशी संबंधित दाह असण्याची शक्यता अधिक असते. पाळी जिथे गालाला मिळते तिथली चीर जन्मजात प्रवृत्तीच्या इसबात वारंवार दिसते. अठराव्या शतकातील मराठा अमलापासून झाशीत वसलेल्या मराठी घरांत बुगडी, कुडी, बाळी ही लेणी परिचित आहेत. खोट्या दागिन्यांतील निकेल धातूमुळे भोकाभोवती होणारा दाह हा स्पर्शजन्य इसब असून, तिथे दागिना बदलल्याखेरीज कोणतेही मलम टिकाऊ गुण देत नाही. केसांचा कलप, चष्म्याची दांडी आणि कानात घालण्याचे काही प्रतिजैविक थेंब हीदेखील अशा दाहाची कारणे असतात.

झाशीचे हवामान या दुखण्यांना तीन वेगवेगळ्या बाजूंनी डिवचते. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा घाम आणि धूळ पाळीमागच्या घडीत साचतात. पावसाळ्यात ओलसर कानात बुरशी वाढते. आणि कोरड्या थंडीत सोरायसिसच्या खपल्या व इसबाच्या चिरा दोन्ही वाढतात. म्हणून हिवाळ्यात अंघोळीनंतर लगेच साधे, सुगंधरहित स्निग्ध मलम बाहेरच्या भागाला लावणे आणि पावसाळ्यात नलिका कोरडी ठेवणे, असा क्रम ऋतूबरोबर बदलावा लागतो.

मात्र सर्वाधिक हानी ऋतूपेक्षा हाताने होते. कानकोरणे, काडी, हेअरपिन किंवा कापसाची काडी आत घातल्याने मळ आणखी खोल ढकलला जातो, त्वचेला ओरखडे पडून जंतुसंसर्ग होतो, आणि सोरायसिस असलेल्या व्यक्तीत इजा झालेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो. हा परिणाम जर्मन त्वचारोगतज्ज्ञ कोब्नर यांच्या नावाने ओळखला जातो. कोमट मोहरीचे तेल कानात सोडण्याची घरगुती पद्धतही अशा त्वचेला त्रासदायक ठरू शकते आणि पडद्याला छिद्र असल्यास घातक होते.

उपचारात बाहेरच्या भागासाठी सौम्य स्टेरॉइड मलम ठरावीक दिवसांपुरते, नाजूक जागी टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइडविरहित मलम, आणि नलिकेसाठी तज्ज्ञाने तपासून दिलेले थेंब वापरले जातात. साचलेल्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली यंत्राने शोषून काढता येतात. डोक्यातील सोरायसिस किंवा कोंड्यावर औषधी शाम्पूने उपचार झाला नाही, तर कानावरचा विकार पुन्हा उलटतो. २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर बंधन आले, तरी स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मलम स्वतःच्या मनाने लावण्याची सवय गेलेली नाही. त्यामुळे त्वचा पातळ होते आणि बुरशीचा आजार झाकून जातो.

तीव्र वेदना, पू, ताप किंवा एकाएकी आलेला बहिरेपणा यांत विलंब करू नये, मधुमेहींनी तर मुळीच नाही. आणि सोरायसिसबरोबर बोटांचे सांधे सकाळी आखडत असतील, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. हे विकार मुळासकट जात नसले तरी आटोक्यात राहतात, आणि त्यासाठी रुग्णाने पाळायचे सर्वांत कठीण पथ्य म्हणजे खाजणाऱ्या कानाला हात न लावणे.