परिचारिकांचा राष्ट्रीय सन्मान

राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार : सुरुवात १९७३, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून. हस्ते राष्ट्रपतींच्या. पदक, प्रशस्तिपत्र आणि रोख १ लाख रुपये. पूर्वी ५० हजार.

कोणाला : केवळ मोठ्या रुग्णालयांतल्या सिस्टरना नव्हे. उपकेंद्र सांभाळत वाड्यावस्त्यांवर लसीकरणाला जाणाऱ्या एएनएमही (सहायक परिचारिका-प्रसाविका) यात येतात. गावाला त्या ‘नर्सबाई’ म्हणूनच माहीत असतात.

निमित्त : १२ मे, जागतिक परिचारिका दिन. नाइटिंगेल यांचा जन्म १८२० मध्ये याच तारखेला झाला.

गल्लत नको : ‘फ्लोरेन्स नाइटिंगेल पदक’ वेगळे. ते आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे. स्थापना १९१२, पहिले वितरण १९२०. दर दोन वर्षांनी जास्तीत जास्त ५० जणांना. युद्ध वा आपत्तीतल्या धाडसी सेवेसाठी, तसेच सार्वजनिक आरोग्य आणि परिचर्या शिक्षणातल्या कार्यासाठीही.