कावीळ उतरते, ती कशामुळे?

डाळज, पळसदेव, भिगवण किंवा उजनीच्या पाण्याकाठचे कोणतेही गाव घ्या. शाळेतला एखादा मुलगा आठ-दहा दिवस गैरहजर राहतो. परत येतो तेव्हा त्याच्या गळ्यात काड्यांची माळ असते. "गुरुजी, माळ पायापत्तोर उतरली की कावीळ गेली," तो सांगतो. माळ खरोखरच लांबत जाते, डोळे निवळतात, मुलगा बरा होतो.

अशा वेळी "ही अंधश्रद्धा आहे" एवढेच म्हणून भागत नाही. मुलगा मनात म्हणेल, 'पण मी तर बरा झालो!' त्याचा हा अनुभव खोटा नाही. प्रश्न इतकाच आहे की तो कशामुळे बरा झाला?

पिवळा रंग कोठून येतो?

रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते रक्तातून उचलते आणि पित्तातून आतड्यात सोडते. यकृताला सूज आली की हे काम अडते आणि बिलिरुबिन रक्तात साठते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, कधी शौच पांढरट होते. म्हणजे ताप जसा लक्षण आहे, तशीच कावीळ हेही लक्षण आहे. पित्ताचे खडे, दारू, काही औषधे अशी तिची अनेक कारणे असतात. आपल्याकडे मात्र नेहमी आढळणारे कारण म्हणजे यकृताला सूज आणणारे विषाणू.

या विषाणूंना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. ए आणि ई हे मुख्यतः विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून व अन्नातून पसरतात. बी, सी आणि डी हे रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून किंवा आईकडून बाळाला लागतात. बी आणि सी वर्षानुवर्षे शरीरात दडून राहू शकतात आणि त्यातून पुढे सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो. बी विषाणूवर लस आहे. तिचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांत द्यायचा असतो.

ए आणि ई यांची गोष्ट वेगळी आहे. यकृताच्या पेशी मारण्याचे काम बव्हंशी हे विषाणू करत नाहीत. विषाणू शिरलेल्या पेशी शरीराचीच प्रतिकारयंत्रणा नष्ट करते. विषाणू संपला की उरलेल्या पेशी विभागून झीज भरून काढतात. त्यामुळे बहुतेक रोगी चार-सहा आठवड्यांत आपोआप बरे होतात. या काळात माळ घाला, नाकात रस पिळा किंवा काहीच करू नका, शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव बरे होणारच. श्रेय मात्र त्या काळात जो उपाय केला, त्याला मिळते.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग

एकाच वनस्पतीच्या ओल्या काड्या सैल गाठींनी गुंफून दोन माळा करा. एक निरोगी मुलाच्या गळ्यात घाला, दुसरी खिळ्याला टांगा. काड्या वाळून आकसतात, गाठीतला दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. खिळ्याला कावीळ झालेली नसते, तरी त्याचीही माळ उतरते.

दुसरा प्रयोग 'कावीळ धुण्याचा'. आंब्याच्या सालीचा रस हातांना चोळून हात चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळे होते. हा प्रयोग शिक्षकाने स्वतःच करावा, कारण निवळी डोळ्यांत जाता कामा नये. आपल्याला कावीळ नाही, तरी पाणी पिवळे झाले! मग मुलांना विचारा, रस न लावता हात धुतले तर काय होईल?

दिल्लीची साथ, पुण्यातला शोध

नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेतल्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले. जलशुद्धीकरण केंद्राने तुरटी आणि क्लोरीन वाढवले. विषमज्वराची साथ आली नाही. पण काही आठवड्यांनी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले होते, विषाणू तगून राहिला होता.

हा ए विषाणूच असावा असे बरीच वर्षे मानले जात होते. १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील खोर्शेद पावरी व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने, अहमदाबादच्या १९७५-७६ च्या साथीतले नमुने आणि पुण्यातले नमुने तपासले. निष्कर्ष निघाला की हा ए नव्हे आणि बी देखील नव्हे. १९८३ साली मॉस्कोत मिखाईल बालायान यांनी रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन पाहिला. त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्या विष्ठेत विषाणूचे कण दिसले. पुढे या विषाणूला ई हे नाव मिळाले. महाराष्ट्रातही १९८१ साली कोल्हापुरात आणि २०१२ साली इचलकरंजीत अशा साथी येऊन गेल्या. इचलकरंजीत मृत्यूही झाले.

ज्यांची कावीळ उतरत नाही

उरलेल्या एक-दोन रोग्यांचे काय होते? त्यांच्या यकृताच्या इतक्या पेशी मरतात की काम चालवायला पुरेशा उरतच नाहीत. रक्त गोठवणारी प्रथिने तयार होत नाहीत, म्हणून हिरड्यांतून, नाकातून रक्त येते. रक्तातली साखर उतरते. आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचा युरिया होत नाही आणि तो मेंदूपर्यंत पोचतो. रोगी दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, शेवटी बेशुद्ध होतो. यालाच यकृत निकामी होणे म्हणतात.

ई विषाणूचा सर्वांत मोठा धोका गरोदर स्त्रियांना असतो. शेवटच्या तीन महिन्यांत ही लागण झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. माळेवर विसंबून घालवलेले आठ दिवस मुलाला सोसतात, पण त्याच्या गरोदर काकूला सोसतीलच असे नाही. म्हणून गरोदर बाईला कावीळ दिसताच त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. इतर कोणालाही सतत उलट्या, रक्तस्राव, गुंगी किंवा बरळणे यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. ए आणि ई वर नेहमीच्या रोग्यासाठी खास औषध नाही. विश्रांती, साधा आहार आणि दारू वर्ज्य एवढे पुरते. अनोळखी झाडपाला यकृताला आणखी इजा करू शकतो. कावीळ झाली म्हणून रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस पाजणे म्हणजे पुन्हा दूषित पाण्याशीच गाठ.

पाणी पिवळे झालेले बरे

पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. पुण्याच्या सांडपाण्यात ए आणि ई या दोन्ही विषाणूंचा अंश सापडल्याचे विषाणू संस्थेच्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केले. पण सगळा दोष पुण्यावर ढकलून चालणार नाही. विहिरीजवळचा शोषखड्डा आणि गटारातून गेलेली फुटकी नळी आपल्याच गावातली असते. शिवाय ई विषाणूची लागण दिसायला सरासरी पाच-सहा आठवडे लागतात. आज पिवळा दिसणारा मुलगा महिन्यापूर्वीच्या पाण्याची बातमी देत असतो.

म्हणून वर्गात दोन मुलांना कावीळ झाली की आरोग्य केंद्राला कळवावे आणि पाणी खळखळ उकळून प्यायला सांगावे. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने पाण्याची ओटी चाचणी करतात. ती मुलांना घेऊन पाहावी. पाण्यात पुरेसा क्लोरीन उरला असेल तर नळीतले पाणी पिवळे होते. चुन्याच्या निवळीतला पिवळा रंग काहीच सांगत नव्हता. हा मात्र सांगतो, आणि तो दिसला नाही तर सरपंचांना विचारायला मुलांबरोबर आपणही जावे.