पॉवर प्रेसवर बोटे का तुटतात?

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत, मग ते चाकण-भोसरीचे असोत की फरिदाबाद-मानेसरचे, पॉवर प्रेसवर बोटे तुटण्याचे अपघात वर्षानुवर्षे होत आले आहेत. पत्र्याचा तुकडा हाताने डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायचा, पायडल दाबायचे, रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा जड भाग, खाली येऊन वर गेला की तयार जॉब हाताने काढायचा, असे हे काम. एका पाळीत हात हजारो वेळा डायमध्ये जातो.

‘कामगाराचे लक्ष नव्हते’ हा सर्वांत रुजलेला गैरसमज. 1931 साली अमेरिकेतील विमातज्ज्ञ हाइनरिक यांनी 88 टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात असे मांडले आणि तो आकडा जगभर पसरला. त्यामागच्या बऱ्याचशा नोंदी मात्र मालक आणि सुपरवायझर यांनीच लिहिलेल्या होत्या. दोष कोणाच्या माथी जाणार हे त्यातच ठरून गेले. हजारो वेळा तेच काम करताना लक्ष कधीतरी विचलित होणारच. शिवाय पुष्कळदा ऑपरेटरने पायडल दाबलेलेच नसते. जुन्या प्रेसमध्ये फ्लायव्हील आणि शाफ्ट यांना जोडणारी चावी असते. ती किंवा तिची स्प्रिंग झिजली की एका स्ट्रोकनंतर शाफ्ट सुटत नाही आणि प्रेस ‘डबल मारते’. त्या क्षणी हात जॉब काढायला आत असतो.

‘सेन्सर बसवला की झाले’ हेही खरे नाही. प्रकाशकिरणांचा पडदा हात ओळखतो, पण चावीच्या क्लचची प्रेस एकदा सुटली की फेरा पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही. सेन्सर उपयोगी पडतो तो घर्षण क्लच आणि ब्रेक असलेल्या प्रेसवर. जुन्या प्रेसला खरा आधार डायभोवतीच्या पक्क्या गार्डचा: पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही, एवढीच फट ठेवलेला. हातमोज्यांनी पत्र्याची कड लागत नाही, एवढेच. रॅमपुढे ते काहीच नाहीत.

दारावरच्या फलकावर ‘अपघातविरहित दिवस’ वाढत गेले म्हणजे कारखाना सुरक्षित, असे मानले जाते. त्या आकड्यावर बक्षीस लावले की किरकोळ जखमा लपवल्या जातात. खरी कसोटी वेगळी आहे: प्रेसने काल एकदा डबल मारली, हे हेल्परने सांगितल्यावर ती लगेच बंद करून फिटरला बोलावले जाते का, की ‘ऑर्डर संपू दे’ म्हटले जाते? सांगणाऱ्याला बोलणी खावी लागली, तर दुसऱ्यांदा कोणी सांगत नाही.

‘चूक कामगाराची, म्हणून भरपाई नाही’ हा गैरसमज तर जखमेवर मीठ चोळतो. कामगार राज्य विमा योजनेत अपंगत्वाचा लाभ कामावरच्या इजेसाठी मिळतो. साध्या निष्काळजीपणाने तो हक्क जात नाही. 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अख्खी तर्जनी गेल्यास कमाईक्षमतेची हानी 14 टक्के, तर अंगठा गेल्यास 30 टक्के धरली होती.